अर्ध्या भाड्यात

नऊ खोल्यांत मी एकटीच.
फोनवर व्हर्लिनबाईंनी आधीच बजावलं होतं,
ऑक्टोबर आहे. अर्धं भाडं, पूर्ण पाऊस.
मागाहून कुरकुर चालायची नाही.

स्विमिंग पूल उपसून ठेवलेला,
तळाच्या वीतभर पाण्यात बेडकांचा संसार.
पांढऱ्या खुर्च्या एकीच्या मांडीवर एक,
आणि रंगवायला उतरवलेली 'पॅराडाइज'ची पाटी
भिंतीकडे तोंड करून उभी,
शिक्षा झालेल्या पोरासारखी.

मेनूकार्ड मागितलं तर हसल्या.
ते डिसेंबरात. आत्ता आम्ही जेवतो तेच.
ताटात आलं ते सरळसरळ अळूचं फतफतं,
ग्रेनाडात त्याला कॅलालू म्हणतात.
चिंच नाही, गूळ नाही,
नारळाचं दूध आणि खेकड्याची एक नांगी.
मी ओळख दाखवली नाही.
अळूनेही नाही.

फोटोतला निळा समुद्र कुठेच नव्हता.
नदीने डोंगर धुऊन खाली आणलेला,
काठाला जास्त उकळलेल्या चहाचा रंग.
होड्या वर ओढून पालथ्या घातलेल्या,
त्यांची नावं वाचायला मान वाकडी करावी लागे :
'देव देईल'. 'सासू गप्प'.
एकीवर नुसतंच 'उद्या'.

संध्याकाळी रमच्या दुकानात, पत्र्याखाली, डॉमिनोज.
एन्सिल सोंगटी अशी आपटतो
की वरचा पाऊससुद्धा दचकावा.
रेडिओवरची बाई यंदाच्या वादळांची नावं वाचते,
हजेरी घेतल्यासारखी,
आणि एन्सिल प्रत्येक नावाला ओरडतो, गैरहजर!
सगळे हसतात. मीही हसायला शिकले.

गुरुवारी बाईंनी एक नाव घेतलं
आणि एन्सिल काही बोलला नाही.
सोंगट्या डब्यात गेल्या.
दुकानदाराने माझे पैसे घेतले नाहीत,
म्हणाला, घरी जा.
घरी, म्हणाला.

खिडक्यांना फळ्या मी ठोकल्या, खिळे बाईंच्या दातांत.
खोली चार गळते, सहा गळते,
सातमध्ये तर भिंतच घामाघूम.
मेणबत्तीपाशी बसून त्या सांगत होत्या,
मागच्या मोठ्या वादळात छप्पर उडालं
ते पलीकडच्या गावात सापडलं, रंगावरून ओळखलं.
त्यांनी परत दिलं नाही.
खाली त्यांच्या कोंबड्या राहायला आल्या होत्या.

आणि जायफळाची झाडं, आजोबांच्या हातची,
एका रात्रीत सगळी आडवी.
पुन्हा लावली. पण सात-आठ वर्षं थांबायचं,
फूल आलं की कळतं नर की मादी.
नरांतला एखादा ठेवायचा, बाकीच्यांना कुऱ्हाड.
मी विचारलं, मग त्यांच्यावर घातलेली वर्षं?
बाहेर काहीतरी मोठं मोडलं.
त्या म्हणाल्या, बादली भरली. उठ.

वादळ उत्तरेला सरकलं, दुसऱ्या कुणाकडे.
पहाटे केळी झोपलेल्या, रस्त्यावर खेकडे,
शाळेची पोरं बूट पिशवीत घालून अनवाणी.
खेळायला बसता बसता एन्सिल आकाशाकडे बघत म्हणाला, गैरहजर.
हळू म्हणाला.

बिल एका वहीच्या पानावर :
पाच रात्री, अर्ध्या दराने.
वजा, बादल्या उपसल्याबद्दल एक रात्र.
अधिक, एक कप, निळा, फुटला.
खाली रेघ मारून बेरीज दोनदा तपासलेली.

तेवढ्यात ऊन पडलं,
अकरा दिवसांतलं पहिलं, सगळ्या बेटावर एकदम.
टेकडीमागून समुद्र निळा होत आला,
अगदी फोटोतल्यासारखा.
बाईंनी ओला झगा बदलला, लिपस्टिक लावली,
पाटी उचलून तोंड पुढे करून ठेवली,
कोरडं मेनूकार्ड माझ्यासमोर सरकवलं
आणि विचारलं,
मॅडम, काय घेणार?